बसबाजारातला तुझा भाव

नसरीन,

तू गेलीस त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी साखरेमामांनी सवयीने मनपाच्या स्टॉपला कंपनीची बस थांबवली, दार उघडलं आणि वाट बघत बसले. तिथून चढणारी तू एकटीच होतीस. मागे रिक्षावाल्यांनी हॉर्न लावून धरले तरी मामा आपले दाराकडे बघतायत. शेवटी हिशेब खात्यातले देवधर म्हणाले, "चला मामा, निघा." मामा म्हणाले, "सवय हाय ओ साहेब. पाय आपसूक ब्रेकवर जातोय." मग दार लागलं आणि बस हिंजवडीच्या दिशेने निघाली. देवधरांनी चष्मा काढून डोळे पुसले. देवधरांनी! ज्यांनी स्वतःच्या निरोप समारंभाची तारीखसुद्धा "सोयीची नाही" म्हणून पुढे ढकलली आहे.

मलाही रडू यायला हवं होतं. माझ्या शेजारची खिडकीची जागा मोकळी होती, तिच्यावर मी नेहमीप्रमाणे माझी पर्स ठेवली होती, तुझ्यासाठी धरून ठेवायची म्हणून. पण माझ्या मनात आलं ते वेगळंच. एखाद्या दिवशी मी नसले तर स्वारगेटला ही बस अशी थांबेल का? नाही थांबणार. दोन वेळा हॉर्न वाजवतील आणि पुढे जातील.

गेलेल्या माणसावर जळू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांची तुझ्याशी ओळख नसावी.

बाजार माझा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण आता सगळी बस त्याला 'नसरीनचा बाजार' म्हणायला लागली आहे. वाकडच्या पुलाखाली बस तास तास उभी राहायची, लोक झोपायचे नाहीतर सरकारला शिव्या घालायचे, म्हणून हा खेळ मी काढला. विलायतेतल्या फुटबॉलच्या लीगचा यंदाचा विजेता कोण, यावर आपल्या बसने भाव ठरवायचा. ऑगस्टमध्ये प्रत्येकाला सारखेच चिंचोके. त्या चिंचोक्यांतून आवडेल त्या क्लबच्या चिठ्ठ्या घ्यायच्या. मे महिन्यात जो क्लब जिंकेल त्याच्या प्रत्येक चिठ्ठीमागे शंभर चिंचोके, बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांची रद्दी. म्हणजे आज कुणी एखादी चिठ्ठी चाळीसला घेत असेल, तर तो क्लब जिंकण्याची शक्यता शंभरात चाळीस आहे असं बसला वाटतं. पहिल्या वर्षी चिंचोके खरेच होते, आईच्या बरणीतले. ते सीटखाली सापडायला लागले आणि मामा कुरकुरले, तेव्हा मी मोबाइलवर चालेल असा प्रोग्राम लिहिला. पैशाचा संबंध नाही. पैसे लावले असते तर माझी इतकी चिडचिड झाली नसती.

हे सगळं पहिल्या दिवशी मी उभी राहून, हातवारे करून समजावलं होतं. तू नुकतीच कंपनीत लागली होतीस. माझं बोलणं संपेपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "म्हणजे लग्नाच्या बाजारासारखं. मुलगी तीच, पण एका मावशीने नाक मुरडलं की भाव पडतो."

सगळी बस हसली, आणि सगळ्यांना खेळ समजला. माझं मघाचं भाषण वाया. तुझी माझी ओळख तिथपासूनची, आणि माझी जळजळही.

तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. क्लबांची नावंसुद्धा तुझ्या तोंडात बसायची नाहीत. मामांनी एकदा आरशातून विचारलं, "म्याडम, ते नावाचं राहू द्या, लाल का निळं तेवढं सांगा," तेव्हा तूच टाळी वाजवलीस आणि क्लबांना रंगांनी ओळखायची पद्धत पाडलीस. लाल दोन निघाले म्हणून एक थोरले लाल, एक धाकटे लाल. मग आकाशी. आणि एकाचा शर्ट वांग्याच्या रंगाचा, म्हणून ते वांगी. ते हरले की "वांग्यांचं भरीत" हे ठरलेलं. मी लहानपणापासून बाबांच्या मांडीवर बसून सामने बघितलेली बाई. कोणाचा बचाव कच्चा, कोणाचा गुडघा दुखतोय, हे मला तोंडपाठ. आणि मला बसमध्ये 'वांगी' म्हणावं लागायचं, कारण तू म्हणायचीस.

आपल्या बाजारात सौदा तोंडी. एकाने "घेतली!" म्हणायचं, दुसऱ्याने "दिली!" म्हणायचं, की झालं, मग मोबाइलवर नोंद. बसमध्ये बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. हा नियम देवधरांचा. त्यांच्याच अंगाशी तो आला, आणि माझ्याही. आठवतंय ना? आकाशींची नुकतीच वाताहत झाली होती. देवधर वैतागून ओरडत होते, "अहो, आकाशी घ्या कुणीतरी, सगळ्या द्यायच्यात, मातीमोल!" तेवढ्यात तू मनपाला चढलीस, घामाघूम. मी सरकत विचारलं, "खिडकी हवी?" आणि तू धपकन बसत, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "घेतली!"

"दिली!" देवधर.

बस हसून लोळली. मी म्हटलं, अहो ती खिडकीबद्दल बोलली. देवधर म्हणाले, "शब्द बोलला गेला. हेतू विचारायची पद्धत आपल्याकडे नाही." तू जरा गोंधळलीस, मग खांदे उडवलेस. "असू दे. आकाशी रंग मला आवडतो."

त्या वर्षी आकाशी जिंकले. खिडकीही तुझी आणि बाजारही तुझा. आणि खिडकी मी दिली होती, नसरीन. मी स्वतः उठून दिली होती.

बक्षीस म्हणून तुझ्या अब्बांनी दुकानातला एक तांब्या दिला. कसब्यातल्या तुमच्या भांड्यांच्या दुकानात तो किती वर्षं पडून होता कोण जाणे. कुशीला पोचा आलेला, म्हणून कुणी घेत नव्हतं. ज्याच्या घरी तो जाईल त्याने वर्षभर त्याच तांब्यातलं पाणी प्यायचं, असं ठरलं. देवधर त्याला 'चषक' म्हणायचे. तुमच्या दुकानातून निघालेला तांब्या बसमध्ये आला, सगळ्यांच्या हातातून फिरला, आणि संध्याकाळी परत कसब्यातच गेला. पुढच्या वर्षीही गेला. त्याच्या पुढच्या वर्षी देवधरांकडे गेला. मग पुन्हा तुझ्याकडे. माझ्या स्वयंपाकघरात त्याच्यासाठी मी फिल्टरशेजारी जागा केली होती, ती अजून तशीच आहे. तिथे सध्या मिक्सर आहे, पण तो तात्पुरता.

मी हरायचे कशी, ते तुला माहीत आहे. मी अभ्यास करायचे, आणि अभ्यास केला की प्रत्येक क्लबचं काही ना काही पटायचं. मग माझे चिंचोके चार ठिकाणी. कोणीही जिंकलं तरी थोडं मिळायचं, आणि थोडं मिळालं की तांब्या मिळत नाही. तू मात्र एका दिवशी अचानक उठायचीस आणि सगळे चिंचोके एकाच क्लबवर लावायचीस. मग काय, "नसरीनने काय घेतलं?" अशी मागच्या सीटपर्यंत कुजबुज. तू घेतलंस की भाव वर. मी अर्धा तास घसा फोडून धाकट्या लालांचं महत्त्व सांगितलं तरी भाव जागचा हलायचा नाही. तू नुसती टिफिनचा डबा उघडता उघडता "धाकटे बरे आहेत" म्हणालीस की तो चढलाच.

यावरून आपलं जे भांडण होतं ते अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, भाव म्हणजे सगळ्यांचं मिळून एक मत. त्यात माहिती असते, त्यात डोकं असतं. तू म्हणायचीस, "भाव म्हणजे भाव. एखाद्याला भाव देतो म्हणतात ना, तो. तू ज्याला भाव देतेस तो मोठा." मी म्हणायचे, हे चुकीचं आहे, मग बाजार कशाला, आरती करू. तू हसत म्हणायचीस, "देव भावाचा भुकेला असतो, वृंदे. आणि तूही." मी तोंड फिरवून बसायचे, पण खिडकी तुझ्याकडे असल्यामुळे तोंड फिरवलं तरी समोर तूच.

ऑफिसातही तेच. मी प्रोग्राम लिहायचे, तू ते तपासायचीस. म्हणजे माझ्या चुका शोधायचा तुला पगार मिळायचा. आणि तू त्या शोधायचीसही अशा, की लोक माझ्यासमोर तुझं कौतुक करायचे. जूनमध्ये टीम लीडची जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. जागा तुला मिळाली. मी अभिनंदन केलं, चितळ्यांच्या दुकानातल्या माणसासारखं तोंड करून नव्हे, चांगलं हसून केलं. घरी येऊन फ्रीज साफ केला. फ्रीज साफच होता.

हे लिहिताना मी तुझं चांगलं तेवढं आठवावं अशी अपेक्षा असते, मला ठाऊक आहे. तेही आहेच. बाबा गेले तेव्हा मी सुट्टीवरून परत आले, तर बसमध्ये सगळे माझ्याशी कुजबुजत बोलत होते, आजाऱ्याशी बोलावं तसं. तू मला खिडकी दिलीस. एकदाच, त्या आठवड्यात. आणि मग एका सकाळी थोरल्या लालांचं कौतुक सुरू केलंस, इतकं अडाणी, इतकं खोटं, की मला राहवेना. त्यांचा गोलकीपर जगातला सर्वांत उंच आहे म्हणून ते जिंकणार, असं काहीतरी. मी तुझ्याशी औंधपर्यंत भांडले. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ती त्या भांडणात. तू मुद्दाम उकरून काढलं होतंस, हे मला औंध गेल्यावर कळलं. त्याबद्दलही मी जळते. एवढी साधी गोष्ट मला कधी कुणासाठी सुचलेली नाही.

यंदा ऑगस्टमध्ये बाजार उघडला आणि तू नेहमीसारखी शेजारी बसून म्हणालीस, "बोल वृंदे. या वर्षी कोण?"

"साहेबांना जे वाटेल ते," मी म्हटलं.

"साहेब कोण?"

"तू. टीम लीड."

तू मला कोपराने ढोसलंस. मग दर आठवड्याला विचारत राहिलीस. मीही दर आठवड्याला गुळगुळीत उत्तर देत राहिले. थोरले चांगलेत. धाकटेही चांगलेत. आकाशी काय, नेहमीच चांगले. वांगीसुद्धा या वर्षी छान. तू म्हणालीस, "तू अशी गोड बोलायला लागलीस की मला भीती वाटते. संक्रांत लांब आहे अजून." आणि यंदा तू काहीच घेतलं नाहीस. सगळे चिंचोके तसेच. बस म्हणायला लागली, नसरीन भाव खातेय. भाव खातेय म्हणून बाजार गोठला. जो तो तुझ्याकडे बघत बसलेला. मलाही तसंच वाटलं. टीम लीड झाल्यावर आता आमच्या चिंचोक्यांत कशाला रस.

दिवाळीच्या तोंडावर तुला ताप आला. डेंगी निघाला. ऑफिसात कुणाला ना कुणाला दर वर्षी होतो, बरा होतो, लोक पपईच्या पानांचा रस घेऊन परत येतात. तू दवाखान्यातून फोन केलास, आवाज बारीक. "बोल ना. कोण?" मी म्हटलं, आधी बरी हो, मग भांडू. तू म्हणालीस, "आत्ता भांड. बरं वाटेल."

मी म्हटलं, प्लेटलेट वाढू देत. हे आपलं शेवटचं बोलणं. त्याबद्दल मला अपराधी वगैरे वाटत नाही, कुणीही हेच म्हटलं असतं. मला राग येतो. तुझा. उत्तर न घेता जायची तुझी पद्धत नव्हती.

तुमच्या घरी आले तेव्हा गल्लीत चपलांना जागा नव्हती. शेजारपाजारच्या बायका, ऑफिसातल्या मुली, तुझ्या शाळेच्या बाई. प्रत्येकीला तुझ्याबद्दल काही सांगायचं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की तू तिचीच सर्वांत जवळची. मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होते, आणि खरं सांगते, मला तुझ्या त्या मैत्रिणींचा एवढा हेवा वाटला की मला माझीच लाज वाटली. त्यांना रडता येत होतं.

अम्मींनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात बसवलं आणि म्हणाल्या, "पाणी घे बेटा, घसा सुकलाय तुझा." मी गटागटा प्यायले. भांडं खाली ठेवताना बोटाला पोचा लागला. तांब्याच होता तो. इतकी वर्षं ज्या पाण्यासाठी मी झुरले ते मी न बघता पिऊन टाकलं होतं. चव पाण्यासारखीच होती.

अम्मी म्हणाल्या, "तुमच्या त्या खेळात तिचं काहीतरी पडून राहिलंय ना? आजारात सारखी म्हणत होती. वृंदा बोलतच नाही, मग मी घेऊ कसं."

मी म्हटलं, माझ्या बोलण्याशी काय संबंध? तीच तर सगळ्यांना सांगायची.

अम्मी माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं. "अगं, तुला माहीत नाही? मला तर ती पहिल्यापासून सांगायची. अम्मी, मला त्या बॉलमधलं काही कळत नाही. पण वृंदाला कळतं. ती सगळ्यांचं कौतुक करते, हा चांगला, तो चांगला. त्याकडे लक्ष नाही द्यायचं. मधेच एकाचं नाव घेताना तिला राग येतो, नाक लाल होतं, म्हणते, यांना काय फुकट मिळतं! ज्याच्यावर वृंदा जळते ना अम्मी, तोच जिंकतो. मी त्याची चिठ्ठी घेते." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं. "हसायची ती हे सांगताना. फार हसायची."

तिथून मी चालत निघाले. कसब्यातून मंडईपर्यंत आणि तिथून स्वारगेटपर्यंत, रिक्षा न करता. आधी संताप आला. पहिला खिडकीने दिला, पण पुढचे दोन तांबे, म्हणजे तोच तांब्या दोनदा, माझ्या नाकावर! माझ्या नाकावर! आणि ते मला दिसत नव्हतं कारण नाक माझं होतं. मग हेवा वाटला, नेहमीपेक्षा मोठा. तुझ्याकडे मी होते. मला तर अख्खा बाजार, सगळे सामने, सगळे गुडघे बघावे लागायचे. तुला फक्त मला बघावं लागायचं. माझ्यावर इतका भरवसा मी कधी ठेवला नाही. मला माझा राग म्हणजे माझा दुर्गुण वाटायचा, आई लहानपणापासून त्याबद्दल बोलत आली आहे. तू त्याचा भाव ओळखलास आणि मुकाट्याने खरेदी करत राहिलीस.

आणि यंदा तुला काही का घेता आलं नाही, तेही शनिपारापाशी कळलं. यंदा मी कुठल्याच क्लबवर जळत नव्हते. जूनपासून माझी सगळी जळजळ एकाच माणसाच्या नावावर जमा होत होती. तू शेजारी बसून माझ्या नाकाकडे बघत होतीस, आणि नाक लाल व्हायचं ते तुझ्याकडे बघून. स्वतःची चिठ्ठी तर तुला घेता येत नव्हती.

आता खरी अडचण सांगते. आपला नियम तुला माहीत आहे: तुळशीची लग्नं उरकली की खरेदीची खिडकी बंद. तोवर ज्याने एकही चिठ्ठी घेतली नाही तो त्या वर्षी बाजाराबाहेर, नाव बाद. काल शेवटचा दिवस होता. आज आमच्या चाळीतल्या तुळशीवरचा ऊसही मुलांनी खाऊन टाकला आहे. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत तुझ्या नावावर चिठ्ठी लागली नसती तर नसरीन हे नाव बाजारातून गेलं असतं. मीच लिहिलेला प्रोग्राम ते आपोआप पुसतो. कुणाला विचारत नाही.

काल सकाळी वाकडच्या पुलाखाली बस अडकली तेव्हा देवधर उठून उभे राहिले. "नियम नियम आहे," म्हणाले, आणि नियम सांगताना त्यांनी चष्मा तीनदा पुसला. कुणी म्हणालं, तिचे चिंचोके सगळ्या क्लबांत सारखे वाटून टाकू. कुणी म्हणालं, या वर्षी बाजारच बंद करू, श्रद्धांजली म्हणून. मी म्हटलं, "अम्मी म्हणाल्यात, वृंदाला विचारा." अम्मी असं म्हणाल्या नव्हत्या. पण त्यांना हेच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"मग सांगा," देवधर म्हणाले.

मी बोलायला लागले. नाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते आपल्या दोघींचं. थोरल्या लालांबद्दल बोलले, शहाण्यासारखं बोलले. बचाव, बाहेरगावचे सामने, थंडीतलं वेळापत्रक. आकाशींबद्दल बोलले. बस जांभया द्यायला लागली. मला आतून काहीच होत नव्हतं. वांगी झाली. मग धाकटे लाल आले.

"धाकट्यांचं काय सांगू," मी म्हटलं. "परवाचा सामना बघितलात? समोरच्याने मारलेला चेंडू यांच्या माणसाच्या पाठीला लागतो आणि आत जातो! त्याचं लक्षसुद्धा नव्हतं! त्याच्या आधीच्या शनिवारी पंचांनी शिटी वाजवायची ती वाजवली नाही. ही काय पद्धत झाली? दुसऱ्यांनी मरमर मरायचं, अभ्यास करायचा, आणि यांनी यायचं, बसायचं, आणि सगळं यांना मिळणार! न मागता! आणि वर सगळ्यांनी यांच्यावरच जीव टाकायचा! यांना काही कळत नाही, काही म्हणजे काही कळत नाही, आणि तरी..."

बसमध्ये कुणी हसलं नाही.

साखरेमामा आरशातून बघत होते. हलकेच म्हणाले, "म्याडम, नाक लाल झालंय तुमचं. सर्दी हाय का?"

मी नाकाला हात लावला. गरम होतं.

"देवधर," मी म्हटलं, "तुमच्याकडे धाकट्यांच्या किती चिठ्ठ्या आहेत?"

"बऱ्याच. का?"

मी सीटवर उभी राहिले. तुझी खिडकी उजव्या हाताला होती. "नसरीनने," मी म्हटलं, आणि मग जमेल तेवढ्या मोठ्याने, मनपाच्या स्टॉपपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "घेतली!"

देवधरांनी नुसती मान हलवली. मागून कुणीतरी "दिली" म्हणालं, मग आणखी कुणीतरी, मग सगळी बस. मामांनी हॉर्न दाबून धरला. पुलाखालच्या लोकांना वाटलं असेल ट्रॅफिक सुटला.

मी नोंद केली. तुझे सगळे चिंचोके धाकट्या लालांवर, एकही मागे न ठेवता, तू ठेवायचीस तसे. माझे नेहमीप्रमाणे चार ठिकाणी आहेत. काल मला ते हलवता आले असते. हलवले नाहीत. ती खिडकी तुझी होती.

आता मे महिन्यापर्यंत थांबायचं. धाकटे जिंकले तर तांब्या कसब्यातून हलणारच नाही. अम्मींकडेच राहील, आणि मला पाणी प्यायला तिथे जावं लागेल. म्हणजे तू नसताना, सामना न बघता, तोंडातून शब्द न काढता पुन्हा तुझा नंबर पहिला, आणि त्यासाठी उभी राहून ओरडले कोण, तर मी. काल रात्रीपासून याचाच विचार चाललाय. आत्ताही, हे लिहिताना, अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

आरशात बघून आले आत्ताच. नाक लाल आहे.

मी जळतेय, नसरीन. म्हणजे तूच जिंकणार.

तुझी,
वृंदा